काचेआडचा एमेट

एमेट ट्रास्कला मी चाळीस मिनिटं एका लाकडी खोक्यात कोंडून ठेवलं आणि स्वतः जेवायला निघून गेलो. मुद्दाम नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही हकीगत हॉलिवूडमध्ये अजून चार माणसं चार तऱ्हांनी सांगतात आणि चारही तऱ्हांत मी हलकट ठरतो. मी हलकट नव्हतो. मला भूक लागली होती.

साल एकोणीसशे एकोणतीस. सिनेमाला नुकतीच वाचा फुटली होती आणि घरात तान्हं मूल झोपलेलं असताना बाकीच्यांची जी गत होते, ती आम्हा सगळ्यांची झाली होती. बूट काढून मोज्यांवर चालायचं. शिंक आली तर नाक चिमटीत धरायचं. एका सुताराला उचकी लागायची खोड होती, त्याला कुंपणापलीकडे वेगळी टपरी बांधून दिली होती. पण कॅमेऱ्याला मोजे घालता येत नव्हते. तो सुरू झाला की शिवणयंत्रासारखा खडखडायचा आणि ती खडखड मायक्रोफोनला प्रेमाच्या संवादांपेक्षा स्पष्ट ऐकू जायची. म्हणून कॅमेऱ्याला खोक्यात घातलं. आणि कॅमेऱ्याबरोबर कॅमेरामनला.

खोकं कपड्यांच्या कपाटाएवढं. खाली चाकं, आतून चारी बाजूंना लोकरीचा जाड नमदा ठोकलेला. समोर भिंगापुरती एक काच आणि उजव्या हाताला माणसानं डोकावण्यासाठी दुसरी. दार मागे. दाराची कडी बाहेरून, कारण आतून लावलेली कडी हादऱ्यानं खुळखुळायची. आतला आवाज बाहेर येत नसे, बाहेरचा आत जात नसे. आतला तांबडा दिवा लागला की कॅमेरा सुरू करायचा, हिरवा लागला की बंद. आम्ही त्या खोक्याला 'बर्फाची पेटी' म्हणायचो. सेटवरच्या दिव्यांनी ते इतकं तापायचं की आत अंडं ठेवलं तर दोन दृश्यांत उकडून निघालं असतं. कडी लावणं आणि काढणं हे काम सामानखात्याचं. सामानखातं म्हणजे मी, ड्यूई लोमॅक्स. फुलदाण्या, टेलिफोन, खोटे हिरे, खुनाची हत्यारं आणि ती एक कडी, एवढं सगळं माझ्या ताब्यात.

चित्रपटात एक नवरा होता, त्याची बायको होती, तिला पियानो शिकवणारा एक गुळगुळीत मास्तर होता आणि दर पंधरा मिनिटांनी एक प्रेत होतं. नवऱ्याला संशय येतो, तो भलत्याच माणसाला मारतो, हळहळतो आणि पुन्हा दुसऱ्या भलत्याच माणसाला मारतो. लोक पोट धरधरून हसतील अशी आमचा दिग्दर्शक हूपर याची खात्री होती. एमेटनं ती सगळी कथा ऐकून घेतली होती आणि फक्त एवढंच विचारलं होतं, "तो बायकोलाच का नाही विचारत?"

"विचारलं तर सिनेमा दहा मिनिटांत संपेल, बाबा," हूपर म्हणाला होता.

तर त्या दिवशी दृश्य संपलं, हूपरनं जेवणाची घंटा केली, दिवे विझले आणि मी इतरांच्या लोंढ्याबरोबर चालता झालो. एक हॅम सँडविच, एक वाटी बीन्स आणि लोणचं संपवून मी दुसऱ्या डोनटला हात घातला, तेव्हा माझ्या बाजूची खुर्ची रिकामी दिसली. ती एमेटची खुर्ची. मी डोनट टाकून पळत सुटलो.

कडी काढली तर एमेट आतल्या स्टुलावर बसलेला. शर्ट अंगाला चिकटलेला, केस कपाळाला चिकटलेले, उजव्या मुठीची सालपटं निघालेली. तो खाली उतरला, पायरीवर बसला, हवा खाल्ली. मला वाटलं आता मला मारणार. मारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तो म्हणाला, "ऑर्फा कशाला हसत होती?"

ऑर्फा ही त्याची बायको. आमच्याच स्टुडिओत शिवणखात्यात होती आणि आवाजाच्या या नव्या जमान्यात तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. कारण असं की खळीचा शर्ट मायक्रोफोनला वाळक्या पाचोळ्यासारखा ऐकू जायचा. आमचा नायक लायल कार्मोडी याला तर दृश्यभर कडक छातीचा पांढरा शर्ट. त्यानं नुसता श्वास घेतला तरी जंगलात हरीण पळाल्यासारखं वाटायचं. त्यावर ऑर्फानं उपाय काढला होता. दृश्याआधी ओल्या स्पंजनं त्याच्या शर्टाची छाती ठिकठिकाणी टिपायची, कॉलर सैल करायची, कफांच्या आत फ्लॅनेल टाचायचं. म्हणजे दिवसातून वीस वेळा ती लायलपासून वीतभर अंतरावर उभी असायची, एक हात त्याच्या छातीवर आणि तोंडात टाचण्या.

त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ती दोघं सेटवर थोडा वेळ थांबली होती. ऑर्फा त्याची कॉलर काढत होती, पाठ खोक्याकडे. एमेट पंधरा फुटांवरून काचेवर मुठी आपटत होता. नमद्यानं सगळा आवाज गिळला. आत अंधार, त्यामुळे लायललाही काही दिसलं नाही. आणि ऑर्फा खांदे हलवून हसत होती.

हे त्यानं मला तीन वाक्यांत सांगितलं. एमेटसाठी तीन वाक्यं म्हणजे व्याख्यान झालं. माणूस नेब्रास्काचा. तिकडे शेजारी दीड मैलावर राहतो, त्यामुळे बोलण्याची सवयच लागत नाही. गावोगाव फिरून लग्नाचे आणि बक्षीस मिळालेल्या बैलांचे फोटो काढता काढता तो एका खेड्यात ऑर्फाच्या अंगणात पोचला, तिच्या बापाच्या डुकरांचा फोटो काढला आणि पुढल्या वर्षी तिच्याशी लग्न केलं. मागणी कशी घातली असं मी ऑर्फाला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "फोटोत मला कडेला उभं केलं होतं. नंतर म्हणाला, तू मधे हवी होतीस."

मग ती दोघं इकडे आली. मुका सिनेमा हे एमेटचं नंदनवन होतं. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवावा लागे, सेकंदाला बरोबर दोन फेरे. त्यासाठी तो चर्चमधलं एक भजन गुणगुणायचा. आगगाडीच्या टपावर, कड्याच्या टोकावर, घोडे अंगावर येत असताना त्याचे फेरे दोनाचे सव्वादोन कधी झाले नाहीत. एकदा त्याच्या पायाखालची फळी निसटली, तो चिखलात पडला, पण पडतानाही दांडा फिरत होता आणि ते दृश्य सिनेमात ठेवलं गेलं. आता दांडा गेला. विजेची मोटर आली. भजन गेलं, डोंगर गेले, घोडे गेले. राहिलं एक खोकं आणि त्यात बसून मोटर चालते आहे की नाही एवढं बघणं. दहा मिनिटांनी मी दार उघडलं की तो बाहेर यायचा, ऑर्फा त्याच्या मानेवर ओला स्पंज पिळायची आणि तो परत आत. करार आणखी दोन वर्षांचा होता.

अशा माणसाला मी कोंडलं होतं आणि तो विचारत होता की बायको कशाला हसत होती.

मला काय माहीत? मी बीन्स खात होतो. पण अपराधी माणसाच्या जिभेला हाड नसतं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "लायल म्हणाला असेल, मिसेस ट्रास्क, तुमच्या हातची टाचणी टोचली तरी गुलाबाचा काटा टोचल्यासारखं वाटतं."

मी हसलो. एमेट हसला नाही. पण एमेट कशालाच हसत नसे. आमच्या विनोदी सिनेमांचं चित्रण त्यानं पंधरा वर्षं केलं ते इंजिनाच्या ड्रायव्हरसारखा चेहरा ठेवून. त्यामुळे माझा विनोद पोचला की बुडाला हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर त्यानं आपण होऊन विचारलं, "आज काय म्हणाला?"

मला वाटलं, वा! गड्याला गोडी लागली! कोंडल्याबद्दल मला माफ केलं. मी जोरात आलो. "आज म्हणाला, मिसेस ट्रास्क, या शर्टाखाली काय धडधडतं आहे ते मायक्रोफोनला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि ती?"

"ती म्हणाली, मग हळू धडधडू दे."

हे सगळं मी रचलेलं. मी काही लेखक नाही, पण लेखकांच्या खुर्च्या मांडायचं काम बारा वर्षं केलं होतं, थोडं अंगाला लागतंच. तीन आठवडे मी रोज दोन-तीन वाक्यं पुरवली. घरी दाढी करतानासुद्धा मला सुचायची. एमेट मान हलवायचा आणि आत जायचा. मी बाहेरून कडी लावायचो. त्याच्यासाठी ती बातमी आहे आणि माझ्यासाठी गंमत, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तो काचेतून रोज चित्र बघत होता आणि त्या चित्राखालच्या ओळी मी लिहीत होतो.

मग माझ्या लक्षात आलं की तो आता ऑर्फाबरोबर जेवत नाही. डबा घेऊन कुंपणापाशी एकटा बसतो. ती स्पंज घेऊन आली की मान पुढे करत नाही. एका सोमवारी ऑर्फा माझ्या खोलीत आली. खोटे हिरे ठेवलेल्या पेटीवर बसली. मोठ्या हाडापेराची, लाल गालांची बाई. तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला.

"ड्यूई, त्याला काय झालंय?"

"कुणाला?"

"बावळटपणा करू नकोस. एमेटला. घरी येतो, जेवतो, व्हरांड्यात बसतो. पूर्वीही बोलायचा नाही, पण तेव्हा गप्प बसला तरी माझ्याजवळ बसायचा. आता शनिवारी तर म्हणाला, मी भावाकडे मिनेसोटाला जाऊ का? एकटा. सिनेमा संपला की." तिनं टाचण्यांची उशी मुठीत दाबली. "सव्वीस वर्षं झाली, ड्यूई. मी काय केलं ते तरी सांगावं माणसानं."

सगळं एकदम ध्यानात आलं. त्याच क्षणी तिच्या पायाशी बसून कबूल करायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मी बोलतो त्याच्याशी."

आणि बोललोही, एवढं श्रेय मला द्या. दुपारी दार उघडल्या उघडल्या म्हणालो, "एमेट, ते लायलचं सगळं खोटं होतं. मी रचलेलं. गंमत म्हणून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. फार दयेनं बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. चांगला आहेस तू, ड्यूई."

"अरे देवाशपथ!"

"असू दे."

खोटं बोलणं सोपं. ते परत घेणं म्हणजे ट्यूबमधून बाहेर आलेली पेस्ट परत आत भरणं. खोकं त्याचं, पण त्या दिवसापासून मीही कुठल्या तरी खोक्यात होतो आणि त्याची कडी मीच लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी पिस्तुलं काढली. सात असायला हवी होती. सहा निघाली. मी पेटी उलटी केली, टेबलाखाली रांगलो, स्वतःचे खिसे चाचपले. सहाच. आणि जे नव्हतं ते शनिवारी मी रिकामं करायला विसरलो होतो. त्यात शिसं नव्हतं, दारू आणि कागदाचा बोळा होता फक्त. पण हातभर अंतरावरून तो बोळाही माणसाला कायमचा आडवा करू शकतो, हे सामानखात्यातल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात.

मला एमेटच आठवला आणि मी सेटवर धावलो. खोक्याचं दार लागलेलं होतं. माझी वाट न बघता हूपरनं कुणाकडून तरी कडी लावून घेतली होती. काचेआड एमेटचा चेहरा, पाण्यात बुडालेल्या भांड्यासारखा.

"हूपरसाहेब, दोन मिनिटं दार उघडू या."

"ड्यूई, तू उशिरा आला आहेस. वर तोंड उघडू नकोस. एक पिस्तूल लायलला दे."

"साहेब, महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं? महत्त्वाचं काय ते मी सांगतो. नायिकेचा घसा बसलाय. आज तिनं किंचाळायचंय आणि तिच्या तोंडून दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघतोय! कोण किंचाळणार? तू?"

मागून ऑर्फा म्हणाली, "मी किंचाळले तर चालेल?"

सगळे वळले. ती स्पंज हातात धरून उभी होती. "लहानपणी शेतातून डुकरांना हाका मारायचं काम माझ्याकडे होतं. दोन मैलांवरून यायची."

हूपरनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. झालं, ठरलं. नायिका सोफ्यावर बसून नुसतं तोंड उघडणार. ऑर्फा सोफ्याच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, मायक्रोफोन लपवलेल्या फुलदाणीपाशी उभी राहून किंचाळणार. लायल पिस्तूल रोखणार. हे एमेटला कुणी सांगायचं? कुणीच नाही. एकदा दार लागलं की त्याला दोनच गोष्टी कळायच्या, तांबडा दिवा आणि हिरवा दिवा.

मी तोंड उघडलं. हूपरनं बोट ओठांवर ठेवलं. तांबडा दिवा लागला. आणि त्या जमान्यात तांबडा दिवा लागल्यावर बोलणं म्हणजे चर्चमध्ये शिवी देणं. बारा वर्षांची नोकरी एका शब्दात जायची. मी गप्प राहिलो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

भिंगाच्या काचेतून दिसत होतं ते ठरल्याप्रमाणे: सोफा, नायिका, लायल. पण एमेट भिंगातून बघत नव्हता, मोटर चालू असताना बघायची गरजच नसते. तो उजव्या काचेशी होता. आणि तिथून दिसत होती ऑर्फा. लायल दात खाऊन पिस्तूल उचलतो, नळी सोफ्याकडे, म्हणजे त्या कोनातून सरळ ऑर्फाच्या छातीकडे. आणि ऑर्फाचं तोंड हे एवढं उघडलेलं, डोळे बाहेर आलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

ती किंकाळी! तुम्हाला काय सांगू. छतावरची कबुतरं उडाली. कुंपणापलीकडच्या सुताराची उचकी थांबली, ती पुन्हा लागली नाही. सगळ्या स्टुडिओनं ती ऐकली. एकट्या तिच्या नवऱ्यानं ऐकली नाही.

मग काच फुटली.

आधी पिस्तुलाचा दस्ता बाहेर आला, मग हात, मग डोकं, मग एक खांदा. दुसरा खांदा आला नाही. नेब्रास्काचे खांदे आणि दीड फुटाची काच. एमेट एका खांद्यापुरता बाहेर, बाकीचा आत, असा अडकला. पाय आत नमद्यावर झाडत होता आणि हातातलं सातवं पिस्तूल लायलच्या रोखानं हलत होतं.

कुणी हललं नाही. लायलनं आपलं पिस्तूल गालिच्यावर टाकलं आणि हात वर केले. नायिका बसल्या जागी सोफ्यावरून सरकत सरकत सोफ्याखाली गेली.

"तिला सोड," एमेट म्हणाला.

"मी धरलेलं नाही!" लायल म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की तो खरा त्याचाच का अशी शंका आली.

ऑर्फा मात्र सरळ चालत खोक्यापाशी गेली. पिस्तुलाच्या पुढून गेली. "एमेट ट्रास्क, हलू नकोस. काच छातीत जाईल."

"तो तुला मारत होता."

"सिनेमात मारत होता. मी किंचाळत होते. हूपरनं सांगितलं म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगायचं म्हणजे काय, पत्र टाकायचं?" तिनं त्याच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, जसं पोराच्या हातातून चिकट चमचा घ्यावा तसं, आणि न बघता मागे केलं. ते मी धरलं. "तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीस आणि आज खिडकीतून उडी मारतोस. काय चाललंय तुझं?"

एमेट लायलकडे बघत म्हणाला, "गुलाबाचा काटा."

"काय?"

"टाचणी टोचली तर गुलाबाचा काटा. शर्टाखालचं धडधडणं. मला सगळं माहीत आहे. ड्यूईनं सांगितलं."

वीस माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं की कसं वाटतं ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. मी पिस्तूल छातीशी धरून उभा. म्हणालो, "मी रचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. लायलनं त्यातलं एक अक्षर उच्चारलेलं नाही. मला वाटलं तुला गंमत वाटतेय."

"तू मागेही असंच म्हणालास," एमेट म्हणाला. "दयाळूपणानं."

"मी दयाळू नाहीये!" मी ओरडलो.

"हे खरं आहे," हूपर म्हणाला. "आणि लायलला आपल्या मनानं असं एक वाक्य सुचलं असतं, तर मी त्याच्यासाठी तीन लेखक ठेवले असते का?"

"चांगली वाक्यं आहेत," लायल हात वरच ठेवून म्हणाला. "धडधडण्याचं तर फारच."

एमेटचा चेहरा हलला नाही. त्याचा विश्वास बसत नव्हता आणि त्याला पुढे येता येत नव्हतं, मागे जाता येत नव्हतं. तेवढ्यात वरच्या जिन्यावर पावलं वाजली. प्रॉक्टर खाली आला. हा आमचा आवाज टिपणारा. टेलिफोनच्या कामातून आलेला, कानांवर कायम ते आवाज ऐकायचे काळे गोल. तो बसायचा छताजवळच्या बंद कोठडीत. एमेटला सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही, आणि याला सगळं ऐकू यायचं, दिसत काही नसे. तीन आठवड्यांत त्या दोघांची गाठ पडली नव्हती.

"मिस्टर ट्रास्क," प्रॉक्टर म्हणाला, "तो फुलदाणीतला मायक्रोफोन मी कधीच बंद करत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकतो. हा माणूस तुमच्या मिसेसशी दोनच गोष्टींबद्दल बोलतो. एक म्हणजे कॉलर टोचते. आणि दुसरं म्हणजे त्याचं पोट."

"प्रॉक्टर!" लायल म्हणाला.

"कोबी खाल्ला की फुगतं. शर्टातून ऐकू जाईल का, हे रोज विचारतो. मिसेस ट्रास्क हसतात ते तेव्हा."

पहिल्यांदा एमेटची मान खाली गेली. रक्त येत होतं त्याच्या मनगटातून. ऑर्फानं खिशातला फ्लॅनेलचा तुकडा काढला आणि बांधायला लागली. गाठ मारताना हळूच म्हणाली, पण प्रॉक्टरच्या फुलदाणीजवळ हळू असं काही नसतंच, "मला का नाही विचारलंस?"

तो म्हणाला, "विचारलं की उत्तर येतं, ऑर्फा."

ती थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी तिखट आलं होतं ते तिनं गिळलं. मग वळली, माझ्यापाशी आली आणि हातातला ओला स्पंज थाडकन माझ्या तोंडावर मारला. तो आवाजही ध्वनिमुद्रित झाला. हिरवा दिवा लावायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

एमेटला बाहेर काढायला दोन सुतार आणि अर्धा तास लागला. पिस्तूल कशासाठी उचललं असं ऑर्फानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, ड्यूई पुन्हा कडी लावून जेवायला गेला तर काच फोडायला. मी त्याला जास्त खोदून विचारलं नाही. उत्तराची भीती एकट्या एमेटलाच होती असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच खोक्याला दुप्पट जाडीची काच बसली. करार होताच. पण हूपर मनानं वाईट नव्हता. सकाळी त्यानं एमेटला सगळ्यांसमोर सांगितलं, "हा सिनेमा संपेपर्यंत तू आत जाऊ नकोस. दुसरा कॅमेरामन बघतो मी. तू तोवर बाहेर ड्यूईबरोबर सामानखात्यात काम कर. मोकळी हवा आहे, खिडकी आहे, दिवसभर दोघं गप्पा मारा."

एमेटनं खोक्याकडे बघितलं. जाड नमदा, नवी काच, उकडलेला अंधार. ऑर्फानं घरून शाळेतली एक पाटी आणून त्या काचेसमोर बाहेरून टांगली होती. त्यावर तिनं खडूनं लिहिलं होतं: "आज कोबी खाल्लेला नाही, असं म्हणतो." दिवसभर जे जे बोललं जाईल ते ती स्वतः लिहिणार होती. पाटी बघून एमेटच्या तोंडाचा एक कोपरा किंचित सरकला. तेवीस वर्षांच्या ओळखीत मला दिसलेलं त्याचं ते एकमेव हसू.

मग तो पायरी चढला आणि आपण होऊन आत जाऊन बसला.

मी कडी धरून उभा राहिलो. असा थोर माणूस! मी म्हणालो, "एमेट, अरे त्या खोक्यात तुझा जीव घुसमटतो, मी रोज बघतो. हूपर आपण होऊन सोडत होता तुला. मग माझ्याबरोबर बाहेर का नाही राहिलास?"

एमेट म्हणाला, "आत तू ऐकू येत नाहीस."